आठची गोळी

६ जानेवारी, सोमवार

...त्या सकाळी पाणी पावणेसहाला आलं. आधी पिण्याचे दोन हंडे, मग मोरीतली बादली, मग टाकी. थंडी होती म्हणून दारात सडा टाकला नाही. दूध सव्वासहाला. पिशवी धुऊन कापली, पातेलं गॅसवर ठेवलं. देवाजवळ दिवा. सातला चहा, दोन कप, ह्यांचा बिनसाखरेचा. साडेसातला पोहे धुऊन निथळत ठेवले, कणीक मळली. आठ वाजता ह्यांना बीपीची गोळी दिली. मग सिलिंडर आला. ओटीपी सांगितला. साडेआठला हे आंघोळीला गेले.

एवढं कागदावर लिहून मॅडमना दिलं. इथेही उतरवून ठेवते.

मॅडम म्हणजे स्नेहल मॅडम. गंगापूर रोडच्या एका कॉलेजात शिकवतात. मन कसं काम करतं त्याचं शास्त्र आणि गेम कसे बनवायचे, दोन्ही. आमच्या पंचवटीतल्या वाचनालयात त्यांनी कागद लावला होता: साठीच्या पुढच्या लोकांनी सहा आठवडे टॅबवर एक गेम खेळायचा, स्मरणशक्तीवर संशोधन चालू आहे, शेवटी प्रमाणपत्र. मी तिथल्या तिथे नाव दिलं. लीला सावळीराम बोरस्ते, वय पासष्ट. शिक्षण दहावी नापास, पण मेंदूवरची वाचनालयातली सगळी पुस्तकं वाचून झालीत, दोन तर दोनदा.

प्रमाणपत्र मला स्वतःसाठी नको आहे. अमोलला पाठवायचंय, पुण्याला. तेव्हा तो पुण्याहून दुपारी पोचला आणि हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये त्याने विचारलं होतं, आई, बाबांना आज गोळी दिली होतीस ना? मी म्हटलं, दिली. नंतर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. पण विचारलं कशासाठी? खात्री असती तर पोटचा पोरगा विचारेल का? दोन वर्षं तो फोनवर हवापाण्याचं बोलतो आणि मला त्यामागे तोच प्रश्न ऐकू येतो. आता कॉलेजच्या शिक्क्याचा कागद जाईल, स्मरणशक्ती उत्तम. विषय संपला.

मॅडम म्हणाल्या होत्या, सुरुवातीला कोणतीही एक साधी सकाळ क्रमाने लिहा. मी सहज सुचली ती घेतली. ९ फेब्रुवारी २०२३, गुरुवार.

७ जानेवारी, मंगळवार, सकाळी ११

टॅब आला. गेमचं नाव 'घरची सकाळ'. मॅडमच्या विद्यार्थ्यांनी बनवलाय, म्हणजे ज्यांनी जन्मात कणीक मळलेली नाही त्यांनी. शेगडी खिडकीखाली. वारा आला की विझेल. पोहे न धुता थेट कढईत. दोन शिट्ट्यांत डाळ शिजते.

अशा गेमला सिरियस गेम म्हणतात. मजेसाठी नाही, अभ्यासासाठी किंवा शिकवण्यासाठी. सगळी कामं बोटाने करायची. कोपऱ्यात घड्याळ पळत असतं. खुर्चीत एक आजोबा पेपर वाचत बसलेले. बरोबर आठला त्यांना गोळी द्यायची. गेम आठवण करून देत नाही, आपणच लक्षात ठेवायचं.

पहिली फेरी. पाणी, दूध, चहा, पोहे, सगळं वेळेत. शेवटी पडद्यावर अक्षरं आली: आजोबांची गोळी राहिली.

चूक गेमची. सात एकोणसाठला बेल वाजली, दारात कुरिअरवाला. सही केली, खोकं आत ठेवलं, वळून बघते तर घड्याळात आठ सहा. आता इतक्या सकाळी कुरिअर कुणाकडे येतं? ज्याने बनवलं त्याला घर माहीत नाही.

ठरवलं: उद्यापासून रोज दोन फेऱ्या. आणि मॅडमना सूचना लेखी द्यायच्या.

१० जानेवारी, शुक्रवार

सहा फेऱ्या झाल्या. सहाही वेळा पडद्यावर तेच वाक्य. कारणं लिहून ठेवते म्हणजे नंतर गोंधळ नको. एकदा चष्मा मोरीत होता. दोनदा उन्हाची तिरीप टॅबवर. एकदा बोट कोरडं, टॅबला कळलंच नाही. उरलेल्या दोन वेळा बेल.

मॅडमना चौदा सूचना पाठवल्या. त्यांचं उत्तर आलं की काकू, हे फार उपयोगाचं आहे, आम्हाला असं कुणी सांगितलंच नव्हतं. आज संध्याकाळी उघडून पाहिलं तर पोहे धुवायचं काम गेममध्ये आलेलं. म्हणजे मी नुसती खेळणारी राहिलेली नाही. बनवणाऱ्यांत धरली गेले आहे.

गोळीचं मला शिकवायला नको. हे जुन्या सीबीएस बसस्टँडवर एसटीत कंट्रोलर होते, तीस वर्षं गाड्या पुकारल्या. रिटायर झाल्यावरही घड्याळ सुटलं नाही. आठ वाजले की खुर्चीतून त्या माइकच्या आवाजात म्हणायचे, आठ वाजताची गोळी फलाट क्रमांक दोनवर येत आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी. मी ओल्या हाताने गोळी आणि पाणी घेऊन यायची. रोज. फलाट क्रमांक दोन म्हणजे त्यांचा डावा हात.

शिवाय पुरावा आहे. नवी स्ट्रिप आणली की मी मागच्या चंदेरी कागदावर बॉलपेनने वार लिहायची. सो, मं, बु, गु. गोळी काढली की तो वार फाटतो. म्हणजे दिली की नाही हा वादच नको. शेवटची स्ट्रिप शिवणाच्या डब्यात आहे. त्या आठवड्यातल्या सोमवारीच सुरू केली होती. उघडून पाहायची गरज वाटली नाही. ज्याला शंका असेल तो पाहील.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर हळदीकुंकू होतं. मला बोलावणं नव्हतं. माझ्याकडे वेळही नव्हता, फेरी चालू होती.

शेजारची गोजराबाई मात्र येऊन गेली. येवल्याकडची. मुलाने इथे ब्लॉक घेतला म्हणून आली आणि चार भिंतींत कंटाळली. तिळाचे लाडू माझ्या हातावर ठेवून म्हणाली, ताई, गोड बोला, मी तर बोलतेच हाय. मग टॅबमध्ये डोकावली. मी समजावून सांगितलं. तिने बराच वेळ त्या आजोबांकडे पाहिलं आणि म्हणाली, ह्यो म्हातारा लय गरीब हाय, गोळी मागत बी नाय. आमचा असता तर आळी गोळा केली असती.

मी म्हटलं, मागितली तर परीक्षा कशाची?

ती म्हणाली, मंग ही परीक्षा म्हाताऱ्याची हाय का तुमची?

अडाणी बाई. पण लाडू चांगले होते.

१८ जानेवारी, शनिवार

मॅडम घरी आल्या होत्या. तिशीची पोर, खांद्याला लॅपटॉप, पायात साधी चप्पल. पोहे दिले (धुतलेले). त्यांनी सांगितलं की झालेलं आठवणं वेगळं आणि करायचं आहे ते वेळेवर आठवणं वेगळं. मेंदूवर दुसऱ्याचाच जास्त ताण पडतो, आणि मध्ये काही काम आलं की तेच आधी सुटतं. मीही त्यांना पुस्तकातलं बरंच सांगितलं. त्या लिहून घेत होत्या. बहुतेक माझंच.

मग विचारलं, काकू, ती जी सकाळ तुम्ही लिहून दिलीत, ती आता तोंडी सांगाल?

सांगितली. पाणी, दूध, दिवा, चहा, पोहे, कणीक. सिलिंडर आला, ओटीपी सापडेना, चष्मा शोधला, फोन शोधला, शेवटी ओटीपी दिला. मग गोळी दिली.

मॅडमनी कागद पाहिला. हळूच म्हणाल्या, कागदावर आधी गोळी आहे, मग सिलिंडर.

मी म्हटलं, तेच ते, दोन मिनिटांचा फरक.

त्या म्हणाल्या की आठवण कपाटातली साडी नसते, काढली आणि नेसली. दर वेळी नव्याने विणावी लागते. कधी उभे धागे तेच राहतात, आडवे बदलतात. गोजराबाईचं माहेर विणकरांचं, तिला हे आवडलं असतं. सर्वसाधारण लोकांचं तसं होतही असेल. मी मान डोलवली. पाहुण्यासमोर कशाला वाद.

२२ जानेवारी, बुधवार

जमलं! आज पडद्यावर: छान! सगळी कामं वेळेवर.

झालं असं. गोजराबाई चहाचा कप घेऊन मागे उभी होती. बेल वाजली, दारात बोहारीण आली, मी दार उघडायला बोट नेलं. आणि गोजराबाई ओरडली, गोळी, ताई, गोळी! मी दचकून गोळीच्या डबीवर बोट टेकवलं.

नियमाच्या कागदावर लिहिलंय की एकटीनेच खेळायचं. खेळले मी एकटीच. ती नुसती उभी होती.

रात्री मॅडमचा मेसेज. काकू, सोळा दिवसांनी एकदम सुधारणा, फार महत्त्वाचं निरीक्षण आहे, काही युक्ती केलीत का? मी लिहिलं, मन शांत ठेवलं.

२७ जानेवारी, सोमवार

सलग सहा दिवस सगळी कामं वेळेवर. गोजराबाई रोज सकाळी दहाला चहा घेऊन येते, मी फेरी लावते. तिला आता गेममधलं घड्याळही कळायला लागलंय. आठला दोन मिनिटं कमी असली की कप खाली ठेवून तयारीत उभी राहते. काल म्हणाली, ताई, परमानपत्र तुमचं, घसा माझा. विनोदी आहे.

मॅडमनी तेरा फेब्रुवारीला वर्गात बोलावलंय. विद्यार्थ्यांसमोर गेम खेळून दाखवायचा आणि सुधारणा कशी झाली ते सांगायचं. म्हणजे व्याख्यान. विषय मीच ठरवला: उतारवयात स्मरणशक्ती वाढवण्याचे सात मार्ग. दोन मार्ग झाले. मन शांत ठेवणे, आणि नियमितपणा.

अमोलचा फोन आला. सांगितलं की कॉलेजात शिकवायला बोलावलंय. तो म्हणाला, अरे वा, आई, घशाला जप. ह्या मुलाला मोठी गोष्ट सांगितली की घसाच आठवतो. जरा थांबून विचारलं, अजून काही? तो म्हणाला, नाही गं, तू बरी आहेस ना? म्हणजे मनात आहेच. मी प्रमाणपत्राचं बोलले नाही. एकदम हातात पडू दे.

१ फेब्रुवारी, शनिवार

गोजराबाई गावाला गेली. कांदा काढणी. पंधरा दिवस तरी नाही.

परवापासून तीन दिवस: आजोबांची गोळी राहिली. राहिली. राहिली.

हवामान बदललंय. डोकं जड आहे. नियमितपणा दोन दिवसांसाठी व्याख्यानातून काढला, पुन्हा घालीन.

आजोबांच्या चित्रात काहीतरी फरक केलाय विद्यार्थ्यांनी. पेपर आता डाव्या हातात धरतात. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, नाही काकू, पहिल्यापासून तसंच आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

शास्त्रीय उपाय केले. सोमवारी बोटाला दोरा बांधला. दोरा दिसला, कशासाठी ते आठवेपर्यंत आठ दहा झाले. मंगळवारी ह्यांचं मनगटी घड्याळ काढून टॅबशेजारी ठेवलं. ते दोन वर्षांपूर्वी पावणेपाचला बंद पडलंय. आज फोनवर गजर लावला. गजर वाजला, तो बंद करायला फोन उचलला, फोनवर गॅस एजन्सीचा मेसेज होता, तो वाचला. गोळी राहिली.

पण व्याख्यान तयार. सातही मार्ग झाले. सातवा आहे आत्मविश्वास.

९ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना जाऊन तारखेने दोन वर्षं. श्राद्ध पितृपक्षातच केलं. अमोल आला होता तेव्हा.

पाणी सहाला. दूध. चहा दोन कप झाला, सवयीने. दुसरा झाकून ठेवला.

तो क्रम पक्का लिहून ठेवते. आठ वाजले. ह्यांनी पुकारलं. की नाही पुकारलं? पुकारलं असेल, बेल वाजत होती म्हणून ऐकू आलं नसेल. मी गोळी दिली आणि हात पुसत दारात गेले. की हात पिठाचे होते? पिठाच्या हाताने मी गोळी काढत नाही, पीठ चिकटतं. मग हात धुतले. नळ चालू होता. सिलिंडरवाला म्हणाला, मावशी, लवकर, खाली गाडी उभी आहे.

फेरी खेळले नाही. ते वाक्य आज वाचायचं नव्हतं. वाक्य चुकीचंच आहे. वर्गात सांगणार आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार, रात्री ९

उद्याची तयारी. आकाशी साडी इस्त्री करून आणली. सात मार्ग मोठ्या अक्षरात पोस्टकार्डांवर लिहिले. खेळून दाखवताना काही अडचण नाही. अडचण घरात येते, तिथे बेल खरी वाटते. कॉलेजात बेल कुठली?

१३ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी ४

व्याख्यान एकंदरीत चांगलं झालं. सात मार्गांपैकी एकही सांगायचा झाला नाही, तो भाग वेगळा.

क्रमाने लिहिते.

दिंडोरी नाक्यावरून रिक्षा. वर्ग मोठा, मुलं-मुली छत्तीस. मॅडमनी ओळख करून दिली की ह्या लीलाकाकू, आपल्या गेममधले पोहे ह्यांच्यामुळे धुतले जातात. मुलं हसली, टाळ्या वाजवल्या. मग टॅब भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला. ते आजोबा माणसाएवढे झाले.

मी सुरुवात केली. पाणी, दूध, चहा. सगळा वर्ग बघतोय. मला एकदम ताठ वाटत होतं. पोहे धुतले तेव्हा मागून कुणीतरी शिट्टी मारली. कणीक. घड्याळ सात अठ्ठावन्न. मनात म्हटलं, गोळी, गोळी, गोळी. सात एकोणसाठला बेल वाजली. पडद्यावर दार उघडलं तर सिलिंडर घेऊन माणूस. माझ्या चौदा सूचनांतली नववी: कुरिअर नको, सिलिंडरवाला दाखवा. त्यांनी मानली होती. गेमने ओटीपी मागितला. चार आकडे शोधून टाकले.

आठ सात.

पडद्यावर, माणसाच्या उंचीची अक्षरं: आजोबांची गोळी राहिली.

कुणी हसलं नाही. मागे कुणाला तरी वाटलं असेल की म्हातारी मुद्दाम चुकली, शिकवण्यासाठी. मी तसं म्हणू शकले असते. तोंडापर्यंत आलंही होतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरचा एक मुलगा, विश्वेश, उभा राहिला. आजोबांचं चित्र त्याने काढलंय. म्हणाला, काकू, मी हा गेम बनवलाय, बेल कधी वाजते ते मलाच माहीत आहे, तरी माझीही राहते. मॅडमनी विचारलं, कालच्या फेरीत किती जणांची राहिली? हात वर झाले. मॅडमनी मोजले. एकोणतीस. विशीतली पोरं. छत्तीसातली एकोणतीस.

मॅडम वर्गाला सांगत होत्या, माझ्याकडे न बघता. की मन एका वेळी एकच दार उघडतं. हातातल्या कामात दुसरं काम घुसलं की आधी ठरवलेलं मागे जातं. त्याला वय लागत नाही, निष्काळजीपणा लागत नाही, माया कमी असावी लागत नाही. म्हणून तर आपण हा गेम केलाय, बेल कुठे वाजते आणि काय निसटतं ते बघायला.

मी म्हटलं, मग ते वाक्य खोटं आहे.

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, गोळी राहिली, गोळी राहिली, एवढंच काय लिहिता? बेल वाजली होती. ते नाही लिहीत. खेळणाऱ्याला वाटतं की मी बसले होते आणि विसरले. बसलं कोण होतं? हात पिठाचे होते. दार वाजत होतं. निदान ते तरी लिहा की त्या वेळी दार वाजलं होतं.

आवाज चढला होता माझा. विश्वेश वहीत लिहून घेत होता. एक मुलगी डोळे पुसत होती, तिला सर्दी असेल.

मग दुसरंही सांगावं लागलं. नाहीतर मॅडम पुढे म्हणणार होत्या की काकूंची सुधारणा बघा. मी म्हटलं, ते सात-आठ दिवस माझे नाहीत, मागे गोजराबाई उभी असायची, ती ओरडायची. वर्ग हसला, जोरात. मॅडम हसल्या नाहीत. त्या सुधारणेवर त्यांनी चार पानं लिहून ठेवली होती, मला नंतर कळलं. पुढच्या महिन्यात बंगळूरला परिषदेत वाचून दाखवणार होत्या. लॅपटॉप उघडून त्यांनी माझ्या नावासमोरच्या तारखा लाल केल्या. एवढंच म्हणाल्या, काकू, आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, हो.

पोस्टकार्डं पर्समध्येच राहिली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाणी. दूध. चहा एक कप.

नऊ वाजता शिवणाचा डबा काढला. काजं, बटणं, ह्यांच्या खाकी शर्टाचं एक जास्तीचं बटण. खाली स्ट्रिप.

सो फाटलेला. मं फाटलेला. बु फाटलेला.

गु जसाच्या तसा. माझं अक्षर. आत गोळी आहे.

मी हे दोन वर्षं न बघता बघत होते, एवढं मला आज कळलं. बघायची गरज वाटली नाही असं इथेच वर लिहिलंय. खोडलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अमोलला फोन केला. आधी विचारलं, कामात नाहीस ना? तो म्हणाला, गाडी धुतोय, बोल. मी म्हटलं, नळ बंद कर आणि ऐक. तू हॉस्पिटलमध्ये विचारलं होतंस की बाबांना गोळी दिली का. मी दिली म्हटलं होतं. दिली नव्हती. स्ट्रिपवर गुरुवार तसाच आहे.

तो म्हणाला, कोणती गोळी, आई?

मी पुन्हा सांगितलं. तारीख सांगितली, पॅसेज सांगितला, त्याच्या अंगावर कोणता शर्ट होता ते सांगितलं. त्याला आठवेना. म्हणाला, मी विचारलं होतं? अगं, ॲडमिशनचा फॉर्म भरत होतो मी. त्यात रकाना असतो, आज कोणती औषधं घेतली. त्यासाठी विचारलं असेल. तू काय म्हणालीस आणि मी काय लिहिलं, देव जाणे.

फॉर्मचा रकाना.

मग म्हणाला, आणि डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की एका दिवसाची गोळी चुकली म्हणून मेंदूतली नस फुटत नाही, ती आधीपासूनच कमजोर असणार. तू माझ्या शेजारी उभी होतीस.

मला तो डॉक्टर आठवत नाही. सिलिंडरवाल्याची टोपी आठवते. निळी होती.

अमोल म्हणाला, आई, दोन वर्षं तू हे... मी म्हटलं, घशाला जप. नळ सुरू कर, साबण वाळेल.

फोन ठेवल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. डॉक्टर काहीही म्हणोत, गोळी त्या डब्यात आहे. पण ती आता डब्यात आहे, एवढंच. घरभर नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस लिहायचं राहिलं.

रविवारी सकाळी गोजराबाई परत आली. पिशवीभर कांदे आणि तोंडाने सुरू की ताई, गोळी दिली का म्हाताऱ्याला? मी म्हटलं, आज तू गप्प बस. ती भिंतीला टेकून तोंडावर पदर धरून बसली. शेवटची फेरी होती. पाणी, दूध, चहा, पोहे, कणीक. बेल वाजली. दार उघडलं. आठ पाच.

पडद्यावर नवी ओळ आली, त्याच पोरांनी बदललेली: त्या वेळी दार वाजलं होतं. आणि खाली बारीक अक्षरात: आता दिली तरी चालेल.

ही दुसरी ओळ मी सांगितलेली नव्हती. गेममध्ये डबीवर बोट ठेवलं. आजोबांनी पेपर खाली घेतला, डावा हात पुढे केला, गोळी घेतली.

गोजराबाई पदराआडून म्हणाली, घेतली बाई एकदाची. आणि रडायला लागली. मला म्हणाली, कांद्याची पिशवी हाय शेजारी.

संध्याकाळी प्रमाणपत्र फोनवर आलं. श्रीमती लीला सावळीराम बोरस्ते यांनी संशोधनात सहभाग घेतल्याबद्दल. स्मरणशक्तीबद्दल काही लिहिलेलं नाही. अमोलला पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने कॉलेजात जाऊन टॅब परत केला. चार्जर घरी राहिला होता. परत आले, घेतला, नेऊन दिला.